पेट्रोलवर लिटरमागे ५ रुपये प्रदूषण कर लावला तर नेमकं काय होईल?

सिंहगडरोडकर

पुण्यात हवेचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, "पेट्रोल महाग करा, गाड्या आपोआप कमी होतील." गटचर्चेत मला दोन्ही बाजू मांडायच्या आहेत. समजा, केंद्राने उत्पादन शुल्कात ५ रुपयांचा प्रदूषण उपकर घातला. पंपावर दर कितीने चढेल? वापर खरंच घटतो का? आणि चाट कुणाच्या खिशाला? मतं पुष्कळ गोळा झालीत, आता आकडे हवेत.

करकुंडली

पाच नाही, सव्वासहा रुपये चढतील. महाराष्ट्रात पेट्रोलवर २५ टक्के व्हॅट (राज्याचा विक्रीकर) आणि वर लिटरला ५.१२ रुपये असा कर आहे (१ जुलै २०२४ पासून मुंबई, ठाणे, नवी मुंबईतही हाच दर, आधी तिथे २६ टक्के होता). हा व्हॅट मूळ किमतीवर तर लागतोच, केंद्राच्या शुल्कावरही लागतो. म्हणजे ५ रुपये वाढवले दिल्लीने आणि वरचा सव्वा रुपया आला मंत्रालयाच्या तिजोरीत. त्यामुळे केंद्राने शुल्क वाढवलं की राज्याची ओरड जरा बेतानेच असते.

२०२५ चा मुंबईचा दर साधारण १०३.५० धरा. ५.१२ वजा करा, उरलेल्याला १.२५ ने भागा, व्हॅट लागण्याआधीची किंमत ७८.७० येते. त्यात केंद्राचं शुल्क २१.९० (८ एप्रिल २०२५ ला २ रुपये वाढून झालेलं). व्हॅट १९.६८ अधिक ५.१२, म्हणजे २४.८०. एकूण कर ४६.७० रुपये, दराच्या ४५ टक्के.

आता प्रदूषणाकडे. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. नुसतं केंद्राचं शुल्क धरलं तरी टनामागे साडेनऊ हजार रुपये झाले. कार्बन कर आपण आजही भरतोय, पावतीवर तसं नाव नाही एवढंच.

मोठा आक्षेप पैशाच्या वाटेवर आहे. २१.९० पैकी मूळ उत्पादन शुल्क फक्त १.४० रुपये, आणि राज्यांना ४१ टक्के वाटा मिळतो तो त्यातूनच. बाकी सगळं अधिभार आणि उपकर, ते वाटपाच्या बाहेर. नवा प्रदूषण उपकरही त्याच खात्यात जाणार. कोळशाचं आठवा: २०१० मध्ये स्वच्छ ऊर्जेसाठी टनाला ५० रुपये उपकर लागला, २०१६ पर्यंत तो ४०० झाला, आणि २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर त्याच्या जागी आलेल्या उपकराचे पैसे राज्यांच्या नुकसानभरपाईला गेले. महाराष्ट्रात २०१५ साली दुष्काळासाठी म्हणून पेट्रोल-डिझेलवर लिटरला २ रुपये लागले. पुढच्या वर्षी पाऊस झाला, अधिभार काही वाहून गेला नाही.

एसटीस्टँड

टनामागे साडेनऊ हजार ही थोडी हातचलाखी आहे. गाडी फक्त धूर सोडत नाही; रस्ता झिजवते, कोंडी करते, अपघातांचा खर्च सरकारी रुग्णालयांवर टाकते. तो सगळा हिशेब एकट्या कार्बनच्या नावे लिहिला की कर फुगलेला दिसणारच.

वापराबद्दल: ठिकठिकाणच्या अभ्यासांत साधारण असं दिसतं, की दर १० टक्के वाढला तर पहिल्या वर्षी खप १ ते ३ टक्के घटतो. खरा फरक पाच-सात वर्षांत पडतो, कारण तेव्हा माणूस पुढची गाडी घेतो. सव्वासहा रुपये म्हणजे ६ टक्के वाढ. तेव्हा पहिल्या वर्षी दोन टक्क्यांच्या आतच घट धरा, जास्त नको. ज्याच्या वस्तीत बस चाळीस मिनिटांनी येते तो दुचाकी सोडणार नाही, दुसऱ्या खर्चाला कात्री लावेल.

चाट कुणाला, तर पीपीएसीच्या (पेट्रोलियम मंत्रालयाच्या आकडेवारी कक्षाच्या) २०१४ च्या पाहणीत देशातलं ६१ टक्के पेट्रोल दुचाकींत जात होतं, मोटारींत सुमारे ३४ टक्के. रोज ३० किलोमीटर, महिन्याला २६ दिवस धरून हिशेब असा:

दुचाकी, लिटरला ५० किमी: महिन्याला १५.६ लिटर, जादा खर्च ९७ रुपये.
मोटार, लिटरला १४ किमी: ५५.७ लिटर, जादा ३४८ रुपये.

मोटारवाला साडेतीनपट भरतो, तेवढाच जास्त कार्बनही सोडतो, म्हणून कर वरवर न्याय्य दिसतो. पण महिना पंधरा हजारांवर राबणाऱ्याला ९७ रुपये जेवढे टोचतात तेवढे लाखभर पगारवाल्याला ३४८ टोचत नाहीत.

धूरमापक

प्रश्न पुण्याच्या हवेचा असेल तर हे औषधच दुसऱ्या रोगाचं आहे. कार्बन डायऑक्साइड जळालेल्या लिटरच्या हिशेबात निघतो. छातीत जाणारी काजळी आणि नायट्रोजनचे ऑक्साइड मात्र इंजिन कुठल्या पिढीचं आहे यावर ठरतात. डिझेल मोटारीला बीएस-४ (भारत स्टेज, गाड्यांच्या धुराचे सरकारी निकष) मध्ये किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅम कणांची मुभा होती, बीएस-६ मध्ये (१ एप्रिल २०२० पासून) ४.५ ची. नायट्रोजन ऑक्साइड २५० वरून ८० वर आले. इंधनातलं गंधकही ५० पीपीएमवरून (दशलक्षात ५० भाग) १० वर आलं. पंपावर मात्र जुना टेम्पो आणि नवी गाडी लिटरला सारखाच कर भरतात, आणि आपला उपकर तर पेट्रोलवर, म्हणजे जुन्या डिझेलला हातही लागत नाही.

हवेसाठी वयावर आणि पिढीवर कर हवा. राज्यात जुन्या गाड्यांवर पर्यावरण कर आहे, पण खासगी गाडीला तो १५ वर्षांनी, नोंदणी वाढवताना लागतो. तोवर गाडीने व्हायचा तो धूर करून झालेला असतो.

आणखी एक खोच. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलचा कार्बन उसाने, मक्याने हवेतूनच घेतलेला, म्हणून खनिज कार्बन लिटरला साधारण १.८४ किलोच धरायचा. (ऊस वाढवायला लागणारं पाणी आणि खत हा वेगळा वाद, साखरपट्ट्यात तो न काढलेला बरा.) कर कार्बनवर असेल तर लिटर मोजून चालणार नाही.

सिंहगडरोडकर

हे कामाचं आहे. "भाजी महागेल" हा मुद्दा कितपत खरा? आणि कॅनडात कार्बन कराचे पैसे लोकांना परत देत होते ना?

करकुंडली

भाजी डिझेलवर येते, म्हणून डिझेलवरही ५ रुपये लावले असं समजू. २१ टक्के व्हॅट धरून ६.०५. नाशिकहून वाशीला कांदा, जाऊन-येऊन ३४० किमी, ट्रक लिटरला ५ किमी: ६८ लिटर, ४११ रुपये. दहा टन माल असेल तर किलोला ४ पैसे. बाजारात मात्र डिझेलचं निमित्त होऊन किलोला दोन रुपये चढतात आणि उतरायचं नाव घेत नाहीत.

कॅनडात दर तीन महिन्यांनी पैसे थेट खात्यात यायचे. २०२४ मध्ये कराचा दर कार्बनच्या टनाला ८० डॉलर, पेट्रोलवर लिटरला १७.६१ सेंट होता. पंपावरचा आकडा रोज दिसायचा, खात्यातली रक्कम लक्षात राहायची नाही. १ एप्रिल २०२५ पासून ग्राहकांवरचा तो कर बंद झाला. फ्रान्समध्ये नोव्हेंबर २०१८ ला इंधनकराविरुद्ध पिवळी जाकिटं घातलेले आंदोलक रस्त्यावर आले आणि जानेवारी २०१९ ची ठरलेली करवाढ गुंडाळावी लागली.

उलट मे २०२० मध्ये आपल्याकडे केंद्राचं शुल्क एका रात्रीत पेट्रोलवर १० आणि डिझेलवर १३ रुपयांनी वाढलं. कच्चं तेल कोसळलेलं होतं, पंपावरचा दर हललाच नाही, कोणी हूं की चूं केलं नाही. तिजोरी भरली. पण दर वाढलेला दिसलाच नाही, तर गाडी कमी कोण काढणार?

नोझल

एक सुटलं. हा कर राज्याने एकट्याने लावला तर सीमेवर गळती. गुजरात आणि गोव्यात पेट्रोल आधीच काही रुपयांनी स्वस्त; तलासरीचा गाडीवाला वापीकडे टाकी फुल करतो, बांद्याचा पत्रादेवी ओलांडून. महाराष्ट्राचा महसूल बुडतो, धूर तेवढाच.

दुसरं, तारीख आधी जाहीर करा आणि वर्षाला एकेक रुपया चढवा. पंपवाला माल आगाऊ पैसे भरून उचलतो. वाढीच्या आदल्या संध्याकाळी रांगा लागतात आणि कपातीच्या रात्री टाकीतला साठा तोट्यात जातो. २२ मे २०२२ ला केंद्राने पेट्रोलवर ८ रुपये कमी केले, तेव्हा टाकीत १२,००० लिटर असलेल्याचे ९६ हजार एका रात्रीत गेले.