व्हीएमएसवर (कॅमेऱ्याने मोजणाऱ्या व्हिडिओ मशीनवर) गोल पिनचा डायमीटर कमी येतोय, लाइट कोणता घ्यावा?

कुपवाड_क्यूए
मंडळी, ईएन८ स्टीलचा ग्राइंड केलेला ८ मिमीचा पिन आहे, टॉलरन्स ±१० मायक्रॉन. मायक्रोमीटरवर ८.००२ येतं, व्हिडिओ मशीनवर ७.९८८. कुठलाही पिन घ्या, फरक साधारण तेवढाच. काचेच्या स्केलवर कॅलिब्रेशन नुकतंच झालंय, ते ओके आहे. मशीनवर साधा डिफ्यूज बॅकलाइट (खालून येणारा, पसरलेला उजेड) आणि लेन्सभोवतीचा पांढरा रिंग लाइट आहे. शिवाय पिनच्या फेसवरचा (टोकाच्या सपाट बाजूवरचा) ३ मिमीचा बोअर (भोक) रिंग लाइटमध्ये नीट पकडत नाही. पुरवठादार म्हणतो टेलिसेंट्रिक बॅकलाइट (समांतर किरणांचा) आणि कोअ‍ॅक्सियल (लेन्समधूनच सरळ खाली पडणारा लाइट) दोन्ही घ्या. खरंच लागतं का? की सांगलीच्या उन्हाळ्यात रूम २५ अंशांवर जाते, त्याचा हा परिणाम?

व्ही_ब्लॉक (मिरज)
तापमानाला उगाच दोष देऊ नका. स्टील अंशाला मीटरमागे साधारण ११.५ मायक्रॉन वाढतं. मोजमापाच्या प्रमाण २० अंशांपासून तुमच्या २५ पर्यंत, म्हणजे ५ अंशांत, ८ मिमीला अर्धा मायक्रॉनसुद्धा होत नाही, आणि गरम पिन वाढेल, कमी होणार नाही.

गोची बॅकलाइटची आहे. डिफ्यूज लाइटमधून किरण सगळ्या बाजूंनी तिरके येतात. ग्राइंड केलेल्या गोल अंगावर ते घासून परावर्तित होतात आणि लेन्समध्ये शिरतात. जिथे सावली हवी तिथे उजेड दिसतो, म्हणजे पिन बारीक. काचेचं स्केल सपाट असतं, त्याला अंगच नाही, म्हणून तिथे ही चूक दिसणारच नाही. सर्टिफिकेट खरं आणि रीडिंग चुकीचं, असं दोन्ही एकदम होऊ शकतं.

खर्चाआधी हे करून बघा:
- ८ मिमीचा पिन गेज (सर्टिफाइड मापाचा पिन) मास्टर म्हणून लावा. लाइट २० टक्क्यांपासून दहा-दहाने वाढवत प्रत्येक वेळी डायमीटर लिहा. लाइट वाढेल तसा डायमीटर घसरत असेल तर रोग हाच.
- पांढरी पार्श्वभूमी २५५ ला (कॅमेऱ्याच्या उजेडाची कमाल पातळी) टेकू देऊ नका, २००-२२० च्या आसपास ठेवा. सॅच्युरेट झाली की उजेड कडेवर सांडतो.
- पिन काचेवर आडवा ठेवू नका. दोन टोकांना व्ही-ब्लॉक देऊन ३०-४० मिमी वर उचला, आणि काचेवर काळ्या कागदाची १४ मिमीची फट ठेवा. तिरके किरण तिथेच कापले जातात. फट फार अरुंद केली तर कडेजवळचा उजेडच पडतो, मग वेगळीच चूक.
- फोकस पिनच्या माथ्यावर नको, मध्यावर हवा. माथ्यापासून ४ मिमी खाली. झूम लेन्स असेल तर इथेही मायक्रॉन जातात.
- कडेवर कूलंटचा थर नको. पुसलेला दिसतो, पण असतो.

सातारा_टूलरूम
बोअरबद्दल: ग्राइंड केलेला सपाट फेस कोअ‍ॅक्सियलमध्ये पांढराशुभ्र दिसतो, बोअर आणि चॅम्फर (कडेचा तिरका काप) काळे. कड स्वच्छ मिळते. पण फेस एखाद-दुसरा अंश जरी तिरका बसला तरी उजेड परत लेन्समध्ये येत नाही आणि सगळंच काळवंडतं, त्यामुळे फिक्श्चर आधी सुधारा. रिंगचे चार भाग वेगवेगळे चालू होत असतील तर एकच भाग लावून बोअर मोजू नका, एका बाजूला सावली पडून सेंटर सरकतो. आणि चॅम्फर असेल तर दोन कडा दिसतात. ड्रॉइंगला कोणती हवी ते प्रोग्रॅममध्ये पक्कं करा. कास्टिंगसारख्या मॅट पृष्ठभागाला मात्र रिंगच बरा.

रंग विचारला नाहीत, तरी सांगतो: पर्याय असेल तर पांढऱ्याऐवजी हिरवा घ्या. एकच रंग असला की लेन्सचा रंगदोष कडेवर येत नाही.

कुपवाड_क्यूए
फट आणि व्ही-ब्लॉक लावून बघितलं, फरक ५-६ मायक्रॉनवर आला. आता तेवढा ऑफसेट (ठरावीक दुरुस्ती) प्रोग्रॅममध्ये टाकून दिला तर?

व्ही_ब्लॉक (मिरज)
नको ओ. हा फरक डायमीटर, फिनिश आणि लाइटच्या टक्केवारीवर बदलतो. काळा ऑक्साइड केलेला पिन आला की तोच ऑफसेट उलटा बसेल. तुमची टॉलरन्सची पट्टी एकूण २० मायक्रॉनची. मोजमापाची चूक २ च्या आसपास राहायला हवी. म्हणजे टेलिसेंट्रिक बॅकलाइट घ्या, नाहीतर डायमीटर मायक्रोमीटरवरच ठेवून मशीन लांबी आणि ग्रूव्हला वापरा. महिन्याला दोन-चारच लॉट असतील तर दुसरा पर्याय शहाणपणाचा.

सातारा_टूलरूम
डेमोला जाताना त्यांचं काचेचं स्केल बघत बसू नका. स्वतःचा पिन, ८ चा पिन गेज आणि त्याचं सर्टिफिकेट न्या. लाइट ४० वरून ७० टक्क्यांवर न्यायला सांगा. डायमीटर २ मायक्रॉनपेक्षा जास्त हलला तर ऑर्डर थांबवा.