पेरेंट्स सर्कल : या कामाचा उपयोग नेमका कोणाला?

निळी शाई :
इस्रायलचा स्मृतिदिन संध्याकाळी भोंगा वाजून सुरू होतो आणि सारा देश आपल्या सैनिकांसाठी स्तब्ध उभा राहतो. २००६ पासून या सुमारास आणखी एक समारंभ होत आला आहे, ज्यात इस्रायली आणि पॅलेस्टिनी अशा दोन्ही घरांतले मृत एकत्र आठवले जातात. २०१८ आणि २०१९ मध्ये इस्रायलच्या कब्जातल्या वेस्ट बँकेतून येणाऱ्या पॅलेस्टिनींना सरकारने परवाने नाकारले. दोन्ही वेळा सर्वोच्च न्यायालयाला मध्ये पडावे लागले.

समारंभ भरवणाऱ्यांपैकी एक संस्था ‘पेरेंट्स सर्कल’. यित्झाक फ्रँकेंथाल यांनी ती १९९५ मध्ये सुरू केली. त्यांच्या मुलाचा, आरिकचा, आदल्या वर्षी हमासने अपहरण करून खून केला होता. या संघर्षात घरातले माणूस गमावलेली कुटुंबे तिचे सभासद असतात. इस्रायली रामी एल्हानन यांची मुलगी स्मदार १९९७ मध्ये जेरुसलेमच्या बेन येहुदा रस्त्यावरील आत्मघाती स्फोटात गेली. पॅलेस्टिनी बस्साम अरामीन यांची दहा वर्षांची अबीर २००७ मध्ये जेरुसलेमजवळच्या अनाता येथे शाळेबाहेर इस्रायली सीमा पोलिसांच्या रबरी गोळीने गेली. हे दोघे बाप आज एकमेकांना भाऊ म्हणतात. या कामाने शांतता आली का, असे विचारणे मला अन्यायाचे वाटते. मुलाच्या मृत्यूचे उत्तर सूड हेच असते, असे दोन्हीकडचे पुढारी गृहीत धरून चालतात, आणि ते गृहीतक खोटे ठरवणारी माणसे जिवंत समोर उभी आहेत, एवढे मला पुरे आहे.

उंबरठा :
असहमत. दोघांचे दुःख सारखे असेल, पण दोघांची परिस्थिती सारखी नाही, आणि धागाकर्त्यांनी नेमके तेच गाळले आहे. अशा बैठका पुष्कळदा वेस्ट बँकेतील बैत जाला येथे होतात, कारण दोन्हीकडच्यांना परवान्याशिवाय पोहोचता येईल अशा जागा मुळात थोड्या आहेत. बैठक आटोपली की पिवळ्या पाटीची, म्हणजे इस्रायली, गाडी थेट जेरुसलेमकडे निघते. पॅलेस्टिनीला मात्र त्याच रस्त्याने तिकडे जायचे तर आधी परवाना काढावा लागतो. अबीरच्या मृत्यूचा फौजदारी तपास आरोपपत्राविना बंद झाला. सरकारची जबाबदारी दिवाणी न्यायालयाने मान्य केली, तीही कुटुंबाने दावा लढवल्यावर. पॅलेस्टिनी लोक या प्रकाराला ‘ततबीअ’ म्हणतात, म्हणजे जे चालले आहे ते रीतसरच आहे असे भासवणे. बांध कोरणाऱ्या शेजाऱ्याबरोबर दर रविवारी चहा प्यायल्याने बांध जागेवर येत नाही.

निळी शाई :
बांधाची उपमा चपखल आहे, फक्त येथे चहाला येणारा शेजारी स्वतःच आपल्या भावकीला ‘बांध कोरू नका’ म्हणून सुनावतो आहे. बस्साम सात वर्षे इस्रायली तुरुंगात होते. बाहेर आल्यावर त्यांनी माजी इस्रायली सैनिकांसह ‘कॉम्बॅटंट्स फॉर पीस’ उभी केली, आणि कब्जा संपवणे हे त्या संघटनेचे उघड उद्दिष्ट आहे. अबीरच्या शाळेत तिच्या नावाचे क्रीडांगण बांधायला हेच माजी सैनिक आले होते. एक इस्रायली आणि एक पॅलेस्टिनी असे दोघे मिळून वर्गात जातात आणि आपापली हकिकत सांगतात, एवढाच संस्थेचा शालेय उपक्रम. तो निरुपद्रवी असता तर २०२३ मध्ये शिक्षण मंत्रालयाने त्याला शाळांची दारे बंद केली नसती.

रानवाट :
आपण दोघेही ७ ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या हल्ल्याला वळसा घालून बोलत आहात. विव्हियन सिल्व्हर या ‘विमेन वेज पीस’ या इस्रायली स्त्रियांच्या शांतता-संघटनेच्या संस्थापकांपैकी एक; गाझातील रुग्णांना सीमेवरून इस्रायली रुग्णालयांत नेणाऱ्या स्वयंसेवकांत त्या होत्या. ४ ऑक्टोबर २०२३ रोजी त्यांच्या संघटनेने पॅलेस्टिनी स्त्रियांबरोबर मोठा मेळावा घेतला. तीन दिवसांनी गाझा सीमेजवळच्या बेएरीमधील त्यांच्या घरी हमासने त्यांना मारले. उलट बाजूला, २०२० मध्ये गाझातील रामी अमान या कार्यकर्त्याने इस्रायलींशी नुसत्या झूमवर गप्पा मारल्या, तर हमासने त्याला तुरुंगात टाकले. ज्यांच्या हाती बंदूक आहे ते या वर्तुळात कधीच बसत नाहीत, आणि बसतात ते आधीपासूनच समजूतदार असतात.

रेवदंड्याचा :
थोडे घरचे सांगतो. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. माझी आत्या चाळीसहून अधिक वर्षे इस्रायलमधल्या लोद शहरात राहते आणि अजून कोकणी वळणाची मराठी बोलते. तिच्या खालच्या मजल्यावर अरब कुटुंब आहे. दर ज्यू नव्या वर्षाला आत्या नारळाच्या दुधातला चिकाचा हलवा करते आणि एक ताटली खाली जाते. मे २०२१ मध्ये लोदमध्ये ज्यू-अरब दंगल पेटली, ज्यूंची सभास्थाने जळली, दोन्हीकडची माणसे मेली. त्या दिवसांत शेजारीणबाईंनी दार वाजवले, पण आत्याने उघडले नाही. का उघडले नाही, हे ती आजही सांगत नाही. त्या वर्षीही हलवा झाला. ताटली खाली गेली आणि घासून परत आली, मात्र रिकामी. पूर्वी तीत काहीतरी असायचे, निदान चार खजूर तरी. म्हणून रानवाट यांचे शेवटचे वाक्य मला पटत नाही. दाराअलीकडे उभी असलेली माझी आत्या काही असमजूतदार नव्हती. घाबरली तेव्हा काय करायचे, हे तिला कोणी कधी सांगितले नव्हते.

निळी शाई :
रानवाट, विव्हियन यांचे पुत्र योनतान झाइगेन यांनी आईच्या मृत्यूनंतर समाजसेवकाची नोकरी सोडली आणि ते आईच्याच कामाला लागले. आपण काढलेला निष्कर्ष त्यांनी काढला नाही.

उंबरठा :
झाइगेन यांच्याविषयी आदरच आहे. आता वेस्ट बँकेतले उम्म अल-खैर गाव पाहा. तेथील इंग्रजीचे शिक्षक औदा हथालीन यांच्या घरी इस्रायली कार्यकर्त्यांची वर्षानुवर्षे ये-जा होती, म्हणजे आपण म्हणता तो समेट तेथे रोजचाच होता. २८ जुलै २०२५ रोजी गावात गोळी लागून ते गेले. ज्या इस्रायली वसाहतवाल्यावर आरोप झाला तो लगेचच नजरकैदेच्या अटीवर बाहेर आला. औदा यांचा मृतदेह मात्र पोलिसांनी अडवून ठेवला, आणि तो मिळावा म्हणून गावातल्या बायकांना उपोषणाला बसावे लागले. त्या वेळी गावात येऊन थांबलेले इस्रायली मला मान्य आहेत. वर्गात हकिकत सांगून परतणाऱ्यांना मी अजून त्यांच्या पंक्तीला बसवायला तयार नाही.