देवाशी असलेलं नातं आणि खाण्याचे विकार: मोजायचं कसं?

प्रश्न
प्रबंधाचा विषय: कॉलेजच्या मुलींची श्रद्धा आणि खाण्याचे विकार. "तुम्ही किती धार्मिक आहात?" एवढं विचारून भागेल का? आणि विकारासाठी कोणती प्रश्नावली घ्यावी?

प्रतिसाद १
नाही भागणार. रोज प्रार्थना करणाऱ्या दोघींपैकी एकीला देवाचा आधार वाटतो, दुसरीला तो आपल्याला टाकून देईल अशी धास्ती असते. तुमच्या प्रश्नात दोघी सारख्याच दिसतील. बेक आणि मॅक्डोनाल्ड या संशोधकांची २००४ची 'अटॅचमेंट टू गॉड इन्व्हेंटरी', म्हणजे देवाशी असलेलं नातं मोजणारी प्रश्नावली, पाहा. २८ विधानं आहेत: १४ धास्तीची, १४ देवापासून अंतर राखण्याची, उत्तरं १ ते ७. दोन्ही बेरजा वेगळ्याच ठेवा. विधानांची घडण ख्रिस्ती वळणाची आहे, त्यामुळे इतर धर्मांच्या मुलींवर आधी छोटी चाचणी घेतलेली बरी.

प्रतिसाद २
विकारासाठी ईएटी-२६, म्हणजे खाण्याबद्दलच्या वृत्ती आणि सवयी तपासणारी २६ विधानांची प्रश्नावली. इथे हमखास होणारी चूक म्हणजे 'नेहमी' ते 'कधीच नाही' अशा सहा पर्यायांना १ ते ६ गुण देणं. खरे गुण: 'नेहमी'पासून सुरू करून पहिल्या तिन्हींना ३, २, १ आणि उरलेल्या तिन्हींना ०. नाहीतर धोका ओळखायच्या २० गुणांच्या मर्यादेला अर्थच उरत नाही. नवे पदार्थ चाखायला आवडण्याचं विधान तेवढं उलटं मोजायचं, म्हणजे 'कधीच नाही'ला ३. २० किंवा जास्त आले म्हणजे निदान झालं असं नाही, तज्ज्ञाने तपासायला हवं इतकंच.

तुमच्या विषयात आणखी एक खोच आहे. 'भूक लागली तरी खाणं टाळते' या विधानाला उपवास करणारी मुलगी सरळ होकार देईल आणि गुण फुगतील. उपवासाचा प्रश्न वेगळा ठेवा. वजन-उंचीही नोंदवा.

प्रतिसाद ३
एकदाच मोजून 'धास्तीमुळे विकार झाला' असं लिहू नका. उलटंही घडतं: खा-खा आणि उलट्यांची लाज वाटते, मग देव रागावलाय असं वाटू लागतं. होमन आणि बोयाट्झिस या संशोधकांनी २०१०च्या अभ्यासात कॉलेजच्या मुलींना काही काळाने पुन्हा मोजलं, म्हणून त्यांच्या निष्कर्षाला वजन आहे: देवाशी सुरक्षित नातं असलेल्यांमध्ये पुढे शरीराबद्दलची नाराजी आणि डाएटिंग कमी. आईवडिलांशी असलेलं नातंही मोजा. देवाशी असलेलं नातं बरेचदा त्याच साच्यातलं असतं.

आणि फॉर्म निनावी असेल तर जास्त गुण आलेली मुलगी नंतर शोधता येणार नाही. वारंवार उलट्यांनी पोटॅशियम घटून हृदयाची लय बिघडू शकते. तेव्हा समुपदेशक आणि डॉक्टरचा संपर्क प्रत्येक फॉर्मवर छापा, गुण कितीही येवोत.