शेती ४.६, कारखानदारी ४.५ : यात आनंद कशाचा?

जमाखर्च (धागाकर्ता, जून २०२५)

मी टॅक्सची कामं करतो. सोलापुरात साखर पेठेत ऑफिस. गिऱ्हाईक बहुतेक टॉवेलवाले, दोन-तीन आडते, बाकी किरकोळ. जूनमध्ये रिटर्नची गर्दी अजून अंगावर आलेली नसते, म्हणून पेपर नीट वाचून होतो.

३० मे २०२५ रोजी केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयानं २०२४-२५ चे तात्पुरते अंदाज जाहीर केले. देशाच्या जीडीपीची, म्हणजे एकूण उत्पादनाची वाढ ६.५ टक्के. आदल्या वर्षी ९.२ होती. त्यावर मथळे दोनच प्रकारचे आले, 'मोठ्या देशांत सर्वांत वेगवान' आणि 'चार वर्षांतला नीचांक'. दोन्ही खरे. मी अडकलो तो खालच्या तक्त्यात. बांधकाम ९.४, सरकारी प्रशासन आणि इतर सेवा ८.९, वित्त आणि स्थावर मालमत्ता ७.२. आणि मग शेती ४.६, कारखानदारी ४.५.

मेक इन इंडियाला दहा वर्षं होऊन गेली आणि कारखान्यापेक्षा शेत पुढं. शेती वाढली याचं मला वाईट वाटत नाही, सासरे मोहोळचे ऊसवाले आहेत. पण माणसं कुठं आहेत तेही बघा. सरकारच्याच श्रमबल सर्वेक्षणात २०१८-१९ ला काम करणाऱ्यांपैकी ४२.५ टक्के शेतीत होते, २०२३-२४ ला ४६.१. देशाच्या मूल्यवृद्धीत, म्हणजे उत्पादनातून पडणाऱ्या भरीत, शेतीचा वाटा मात्र १८ टक्क्यांच्या आसपास. विकसनशील देशानं शेतातून कारखान्याकडे जायचं असतं असं आम्हाला बारावीत शिकवलं. आपण अर्ध्या रस्त्यातून घराकडे वळलोय.

सोलापूरला हे वळण पाठ आहे. १८७७ साली जुनी मिल उभी राहिली, पुढं लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी. मिलचे भोंगे बंद झाले, यंत्रमागांनी शहर सावरलं. आता माझ्या एका गिऱ्हाइकानं दिवाळीनंतर चोवीस मागांपैकी सोळा भंगारात घातले. तिथला एक पोरगा अक्कलकोट तालुक्यात मामाच्या रानात तूर करतो. रान चार एकर, त्यावर आधीच तीन माणसं. तो आता 'शेतीत' मोजला जाणार.

तेव्हा ६.५ वर भांडू नका, तक्ता बघा. कारखानदारी ४.५ नं चालली असेल तर बाकीचे आकडे तोरण म्हणून छान आहेत.

कांदापट्टी

जमाखर्च साहेब, तक्ता बरोबर असंल, पण ४.६ म्हंजे आमच्या खिशात ४.६ आले असं कुणी समजू नये. हा आकडा स्थिर किमतीचा. २०११-१२ च्या भावानं माल मोजायचा. माल जास्त निघाला की वाढ झाली, तो कितीला गेला याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

२०२३ ला पावसानं दगा दिला, उजनी भरलीच नाही, उन्हाळ्यात वजा पातळीत गेली. देशात त्या साली शेती २.७. २०२४ ला पाऊस चांगला, उजनी भरली, माल आला. झाले ४.६. राज्याचा आर्थिक पाहणी अहवाल तर शेती ८.७ टक्के सांगतो, आदल्या साली ३.३. मालकिणीला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, मग आपले कुठं पडले?

कांद्याचं सांगतो. डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी. मे २०२४ ला उठवली ती ४० टक्के शुल्क लावून. सप्टेंबरला २० केलं. शुल्क गेलं १ एप्रिल २०२५ ला, तवर उन्हाळी कांदा सगळ्यांचाच निघालेला. मग मे महिन्यात जो पाऊस कोसळला त्यात काढून ठेवलेला कांदा रानातच सडला. वाचला तेवढा गेल्या आठवड्यात सोलापूरला नेला, बत्तीस पिशव्या. हमाली, तोलाई, गाडीभाडं, बारदाना वजा जाऊन पट्टीवर जे राहिलं त्यात औषधाच्या दुकानाची उधारी फिटली नाही. फेब्रुवारी २०२३ ला आपल्याच जिल्ह्यात ५१२ किलो कांद्याचे २ रुपये एकाच्या हातात पडले होते, देशभर गाजलं. त्या सालीसुद्धा शेतीची वाढ चार टक्क्यांच्या वरच होती बरं का.

अजून एक. २०२३ च्या दुष्काळात ऊस वाळला, लागणी कमी झाल्या, म्हणून या हंगामात कारखाने लवकर बंद पडले. राज्याची साखर ११० लाख टनांवरनं ८१ लाखांच्या आसपास आली. ही साखर कुठल्या रकान्यात धरतात? तुमच्या कारखानदारीच्या. ठेच लागली रानाला, लंगडा दिसतोय कारखाना.

हिंजवडी_ते_होटगी

रडगाणं हा आपला जिल्हा उद्योग आहे, त्याची वाढ कधीच थांबत नाही.

जमाखर्च, तुम्ही आकड्यांचे माणूस, मग आदल्या वर्षीचा आकडा का लपवला? २०२३-२४ मध्ये कारखानदारी १२.३ टक्क्यांनी वाढली होती. एवढ्या उंच पायावर आणखी ४.५. आणि शेतीचा पाया दुष्काळी, २.७. दहावीत ९५ टक्के मिळवलेल्या पोराला बारावीत ९६ मिळाले आणि ४० वाल्याला ५० मिळाले, तर दुसरा हुशार ठरत नाही.

लोकांचा खाजगी खर्च बघा, ५.६ वरून ७.२ टक्के वाढ. शेवटच्या तिमाहीत एकूण वाढ ७.४. ६ जूनला रिझर्व्ह बँकेनं रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजानं पैसे देते तो, अर्धा टक्का कमी करून ५.५ वर आणला, फेब्रुवारीपासून मिळून एक टक्का. मे महिन्याची किरकोळ महागाई तीन टक्क्यांच्या खाली. अशी जुळणी माझ्या आठवणीत नाही. सोमवारी होटगी रोडच्या विमानतळावरून गोव्याला विमान उडालं, त्याच्या वाटेतल्या साखर कारखान्याच्या चिमणीवरून आपण किती वर्षं भांडत होतो आठवा.

आणि शेतातून कारखान्यातच गेलं पाहिजे हा नियम कुणी केला? आपण थेट सेवा क्षेत्रात गेलो. देशाच्या निम्म्याहून जास्त मूल्यवृद्धी तिथून येते. माझा बाप मागावर होता, मी संगणकावर आहे. मधला कारखाना मला लागला नाही.

मालदांडी

जपानला मागं टाकलं म्हणे. आमच्या नळाला आज पाचव्या दिवशी पाणी आलं. चला, भरून घेतो.

हिंजवडी_ते_होटगी

@मालदांडी, विनोद चांगला आहे, पण पाणी महापालिका देते, जीडीपी नाही.

मालदांडी

भरून आलो. नीती आयोगाचे तेव्हाचे मुख्य कार्यकारी अधिकारी सुब्रह्मण्यम मे अखेर म्हणाले की आपण चौथ्या क्रमांकावर. नाणेनिधीच्या ज्या तक्त्यावरून म्हणाले तो २०२५ चा अंदाज आहे: भारत ४,१८७ अब्ज डॉलर, जपान ४,१८६. अजून साल संपायचंय. आणि माणशी बघाल तर जपान ३३ हजार डॉलरच्या वर, आपण ३ हजारांच्या आत. बिऱ्हाड मोठं म्हणून किराण्याचं बिल मोठं, त्याला श्रीमंती म्हणतो का आपण?

तुम्ही थेट संगणकावर गेलात, आनंद आहे. पण गेलात कुठं? रविवारी रात्री पुणे नाक्यावर उभं राहून बघा. एकामागून एक ट्रॅव्हल्स भरून सोलापूरचं सेवा क्षेत्र पुण्याला निघालेलं असतं. मागं राहतात आई-बाप आणि बंद खोल्या.

टॉवेलवाला

धागा माझ्याच धंद्यावर आहे म्हणून लिहितोय, नाहीतर मी नुसता वाचणारा.

जमाखर्च, तुमच्या त्या गिऱ्हाइकानं सोळा माग भंगारात घातले हे सांगितलंत. त्यांच्या जागी काय आणलं ते नाही सांगितलं. मी पण घातलेत. साधे माग गेले, रेपिअर आले. एक रेपिअर साध्या मागाच्या कितीतरी पट कापड काढतो आणि दोन-तीन मशिनींवर मिळून एक माणूस पुरतो. माझा माल वाढला, कामगार निम्म्यानं घटले. आता सांगा, ही कारखानदारीची वाढ की घट? तुमच्या तक्त्यात वाढ. पोराच्या दारात घट.

म्हणून तुमचं ४.५ वर रडणं मला पटत नाही. उद्या ते दहा झालं तरी तो पोरगा परत मागावर येणार नाही. मागाला आता पोर लागत नाही, कर्ज लागतं. आणि कर्जाचं म्हणाल तर रेपो फेब्रुवारीपासून उतरतोय, माझ्या बँकेच्या हप्त्याला अजून बातमी कळलेली नाही.

चादरीवाल्यांचं दुखणं वेगळं आहे. जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, कागद फ्रेममध्ये लागला. बाजारात पानिपतचा माल 'सोलापुरी' म्हणून विकला जातो. त्यात पानिपतच्याच मिंक ब्लँकेटनं थंडीचं गिऱ्हाईक पळवलं. आमच्या चादरीचा गुण हा की ती वीस वर्षं टिकते. धंद्याच्या दृष्टीनं याहून मोठा दोष नाही.

शांताबाईंची_लेक

सगळ्या पुरुषांनी शेत, कारखाना, संगणक वाटून घेतला. आता माझ्या आईला कुठं बसवता?

आई पूर्व भागात चाळीस वर्षं बिड्या वळते. कारखान्यातून पान-तंबाखू आणायची, घरी वळायची, दुसऱ्या दिवशी नेऊन द्यायची. छाट, म्हणजे नापास बिड्या काढतात, तो भुर्दंड हिचा. हजारावर मजुरी. ती मोजणीत कारखानदारीत येते. हो, आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून ती देशाची कारखानदारी वाढवते. जून २०२५ मध्ये बिडीवर जीएसटी २८ टक्के होता, दुचाकीइतकाच. कुंभारीच्या रे नगरात, कामगारांच्या वसाहतीत, घर मिळालं तेव्हा पहिल्यांदा सरकारी कागदावर तिचं नाव नीट लिहिलेलं मी पाहिलं.

पण मला बोलायचंय ते जमाखर्च काकांच्या ४६.१ वर. मी बँकेत आहे, आकडे मलाही आवडतात. २०१७-१८ मध्ये पंधरा वर्षांवरच्या बायकांपैकी २३.३ टक्के कामात धरल्या जात होत्या किंवा काम शोधत होत्या. २०२३-२४ मध्ये ४१.७. या नव्यानं मोजल्या गेलेल्या बायकांचा मोठा भाग खेड्यातला, आणि त्यातल्या बऱ्याच घरच्याच रानात बिनपगारी राबणाऱ्या. म्हणजे शेतीतली गर्दी वाढली ती फक्त तुमचा मागावरचा पोरगा परतला म्हणून नाही. खुरपायला त्या आधीही जात असतील, आता कुणीतरी विचारलं. किंवा घरात पैसा पुरेना म्हणून खरंच नव्यानं गेल्या. दोन्ही असेल. पण 'देश कारखान्यातून शेतात परत निघाला' हे चित्र मला अर्धंच वाटतं.

कांदापट्टी

ताई, बरोबर बोललीस. मालकीण माझ्याबरोबर वीस वर्षं रानात हाय. सातबाऱ्यावर नाव नाही, पट्टीवर नाही. सर्वेक्षणात आली म्हंतीस तर बरंय.

जमाखर्च

हिंजवडीकर, १२.३ लपवला नाही, लिहायचा राहिला. मान्य. पण त्या १२.३ कडेही जरा डोळे बारीक करून बघा. ताजे अंदाज करताना मोठ्या कंपन्यांचे ताळेबंद आणि औद्योगिक उत्पादनाचा निर्देशांक हाताशी असतो. असंघटित कारखानदारीची वाढही त्या निर्देशांकावरून ओढून घेतात. मोठा कारखाना पळाला तर कागदावर गल्लीतला मागही पळतो. पायाभूत वर्ष जून २०२५ मध्येही २०११-१२च, म्हणजे नोटाबंदी आणि जीएसटीच्या आधीचं. २०२२-२३ पायाची नवी मालिका फेब्रुवारी २०२६ मध्ये यायची होती. तोवर ४.५ काय आणि १२.३ काय, दोन्ही मी पेन्सिलनं लिहितो.

टॉवेलवाले, तुमच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. रेपिअर आणला नसता तर तुम्हीच बंद पडला असता, हेही मला तुमच्यासारख्यांच्या वह्यांतून दिसतं. तरीपण म्हणेन की कापडानंतर शिलाई येते आणि शिलाईला हात लागतात. आपल्याकडं गणवेशाचा धंदा त्यावरच उभा आहे. तिथं जोर लावायला हवा होता.

ताई, बायकांचा मुद्दा मी धरला नव्हता. माझं चित्र अर्धं, कबूल. पण उरलेलं अर्धं खोटं नाही.

टॉवेलवाला

गणवेशाचा हंगाम दोन-तीन महिन्यांचा. बाकीचे महिने तो पोरगा काय करणार?

जमाखर्च

मुद्दाम त्याला फोन केला. मेच्या पावसानं रान चिबडलंय, तुरीला वापसा नाही. म्हणून पंधरा दिवस झाले, इथंच एका गणवेशवाल्याकडे काजं-बटणं करतोय, शाळा सुरू व्हायच्या घाईत. रान वाळलं की परत गावाकडं.

शांताबाईंची_लेक

काका, श्रमबल सर्वेक्षण आता दर महिन्याला येतं, पहिलं मे महिन्यात आलं. त्यात गेल्या सात दिवसांत काय केलं ते विचारतात. म्हणजे या आठवड्यात त्याच्या दारात कुणी आलं तर तो कारखानदारीत, आणि जुलैत आलं तर शेतीत.

हिंजवडी_ते_होटगी

आणि दिवाळीत पुण्याला डिलिव्हरीचं काम धरलं तर सेवा क्षेत्रात. तिन्ही क्षेत्रं एकटा सांभाळतोय गडी.

कांदापट्टी

त्याला म्हणावं तुरीचं बियाणं घेऊ नको, माझ्याकडं दोन पिशव्या उरल्यात. वापसा आला की फोन कर.