प्रतिसाद: पन्हळी पत्रा खरा का वाटत नाही?

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये पन्हळी पत्रा करताना बम्पची (उंचसखलपणाचा भास देणाऱ्या सेटिंगची) ताकद कितीही वाढवली तरी पत्रा 'छापील' दिसतो, ही प्रश्नातली तक्रार अगदी बरोबर आहे. बम्प फक्त उजेडाला फसवतो, आकार सपाटच राहतो. पत्र्याची कापलेली कड बघा: तिथे लाट दिसायला हवी, दिसते सरळ रेघ. तिथेच सोंग उघडं पडतं.

आधीच्या एका उत्तरात डिस्प्लेसमेंट (पृष्ठभाग खरोखर वरखाली सरकवणं) सुचवलंय, तेही चालेल. पण ब्लेंडरच्या सायकल्समध्ये (अंतिम चित्र काढणाऱ्या इंजिनमध्ये) मटेरियलच्या सेटिंगला मुळात 'बम्प ओन्ली' असतं, ते बदलायचं राहतं आणि माणूस तासभर डोकं खाजवतो (मी खाजवलंय). मला विचाराल तर सरळ मॉडेल करा. एक लाट, आठ भाग, शेड स्मूद (कोपरे गुळगुळीत दिसण्यासाठी), मग लाटेच्या प्रती ओळीने मांडणारा अ‍ॅरे. नेहमीच्या पत्र्यात दोन उंचवट्यांमधलं अंतर साधारण 76 मिलीमीटर आणि खोली 18च्या आसपास असते. माप चुकलं की शेजारचं दार खेळण्यातलं वाटतं.

आता गंज. गंज म्हणजे धातू नव्हे, ऑक्साइड. त्यामुळे मास्कने (गंज कुठे ते ठरवणाऱ्या काळ्यापांढऱ्या चित्राने) तिथे मेटॅलिक (धातूपणा) शून्य करा आणि रफनेस (खरखरीतपणा) चढवा. नुसता तपकिरी रंग दिला तर तांब्याचं भांडं दिसेल. सुरुवात स्क्रूच्या भोकांपासून, कापलेल्या कडांपासून आणि दोन पत्रे एकमेकांवर चढतात तिथून. ओघळ पन्हळीतूनच खाली जातात, उंचवटे ओलांडून आडवे पसरत नाहीत.

जस्ताच्या फुलांसाठी (मुलाम्यावरच्या स्फटिकांच्या नक्षीसाठी) व्होरोनॉई (पेशींसारखे तुकडे पाडणारं टेक्स्चर), पण रफनेसमध्ये अगदी हलकं. आणि प्रत्येक पत्रा किंचित वाकडा ठेवा.