पाणी प्रयोगशाळेतील रसायनशास्त्रज्ञाचे काम नेमके कसे असते?

प्रश्न – मुठाकाठची

नमस्कार. मी पुण्यात विश्लेषणात्मक रसायनशास्त्रात एम.एस्सी. केले असून गेली दोन वर्षे एका औषधनिर्मिती कंपनीच्या गुणवत्ता नियंत्रण विभागात एचपीएलसीवर (मिश्रणातील घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) काम करत आहे. शहरालगतच्या एका जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत केमिस्ट म्हणून माझी निवड झाली आहे. नेमणूक अकरा महिन्यांच्या कराराची आहे आणि काम तीन पाळ्यांत चालते. घरच्यांना पालिकेचे काम म्हणून समाधान वाटते. माझी शंका मात्र वेगळी आहे. मुलाखतीच्या दिवशी मी प्रयोगशाळा पाहिली, तेव्हा तेथे ब्युरेट, सामूमापक (पीएच मीटर), टर्बिडिटी म्हणजे गढूळपणा मोजणारे मीटर आणि इन्क्युबेटर एवढेच प्रामुख्याने दिसले. पाण्याच्या कठीणपणाचे अनुमापन (टायट्रेशन) आम्ही पदवीच्या पहिल्या वर्षाला केले होते. तेच रोज करायचे असेल, तर पाच वर्षांनी मी रसायनशास्त्रज्ञ म्हणून कोठे असेन? ज्यांनी प्रत्यक्ष हे काम केले आहे, त्यांनी दिवसभराचे काम कसे असते आणि त्यात विचार करण्याजोगे काय असते, ते कृपया सांगावे.

प्रतिसाद – निवृत्त जलपरीक्षक

ताई, मी सव्वीस वर्षे जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत काढली. तुमचा प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

औषध कंपनीत नमुना तुमच्या टेबलावर येतो, त्याचा निकाल लागेपर्यंत माल गोदामात थांबतो आणि निकाल वाईट आला तर माल बाहेर जात नाही. पाण्याच्या बाबतीत ही सोय नाही. तुम्ही ब्युरेट भरत असता तेव्हाही पाणी शुद्ध पाण्याच्या टाकीतून उंच टाकीकडे निघालेले असते आणि पहाटे कोणाच्या तरी हंड्यात पडणार असते. म्हणून येथे दर तासाला कच्चे पाणी, क्लॅरिफायरमधून (गाळ खाली बसवणाऱ्या टाकीतून) निघालेले पाणी, फिल्टरमधून आलेले पाणी आणि शेवटचे क्लोरिन दिलेले पाणी अशा चार ठिकाणचा गढूळपणा, सामू आणि क्लोरिन पाहतात. चाचण्या सोप्याच आहेत, परंतु त्यांच्या आकड्यांवरून पुढच्या तासात काय बदलायचे, हे तुम्हाला सांगावे लागते.

याचे खरे दर्शन पावसाळ्यात होते. एरवी खडकवासला धरणाचे पाणी तसे निवळ असते आणि तुरटीची मात्रा आठवडेच्या आठवडे बदलावी लागत नाही. त्याच्या वरच्या अंगाला असलेल्या पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांच्या खोऱ्यांत पावसाचा जोर वाढला, की एका रात्रीत कच्च्या पाण्याचा रंग चहासारखा होतो. अशा वेळी जार टेस्ट हाच आधार असतो. सहा चंचुपात्रांत एकेक लिटर कच्चे पाणी घ्यायचे, प्रत्येकात तुरटीची चढती मात्रा टाकायची, एक मिनिट वेगाने ढवळायचे, मग पंधरा-वीस मिनिटे अगदी संथ ढवळायचे आणि पाती थांबवून अर्धा तास बघत बसायचे. पहिल्या पात्रात काहीच घडत नाही, दुसऱ्यात धुरकट कण फिरत राहतात आणि तिसऱ्या किंवा चौथ्यात कापसाच्या बोंडासारखे पुंजके बनून सावकाश खाली बसू लागतात. शेवटच्या पात्रात तुरटी सर्वांत जास्त असूनही पाणी पुन्हा धूसर राहिलेले दिसते, कारण मात्रा गरजेपेक्षा जास्त झाली की कणांवरचा विद्युतभार उलटतो आणि ते पुन्हा एकमेकांना दूर सारतात. हे पुस्तकात वाचणे आणि रात्री अडीच वाजता दिव्यासमोर पात्र धरून पाहणे यांत फार अंतर आहे.

तुम्ही अनुमापनाबद्दल लिहिले आहे, म्हणून अल्कतेचे, म्हणजे आम्ल पचवण्याच्या पाण्याच्या क्षमतेचे, उदाहरण देतो. तुरटीचा एक मिलिग्रॅम साधारण अर्धा मिलिग्रॅम अल्कता खातो. पावसाच्या पाण्याने धरणातील पाणी पातळ होऊन त्याची अल्कता आधीच उतरलेली असते आणि नेमक्या त्याच दिवसांत गढूळपणामुळे तुरटी जास्त लागते. अल्कता न मोजता केवळ तुरटी वाढवत गेले तर सामू घसरतो, पुंजके नीट बनत नाहीत आणि विरघळलेले अॅल्युमिनियम फिल्टरमधून थेट पुढे जाते. आयएस १०५०० या भारतीय मानकात त्याची स्वीकार्य मर्यादा लिटरला केवळ ०.०३ मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ०.२ पर्यंत चालते. अशा वेळी तुरटी वाढवायची, चुन्याची निवळी द्यायची की तुरटीऐवजी पॉलिअॅल्युमिनियम क्लोराइडकडे वळायचे, हा निर्णय तुमच्या त्या साध्या ब्युरेटवर अवलंबून असतो. पहिल्या वर्षाचे अनुमापन ते हेच.

प्रतिसाद – फिल्टरहाऊस

मी सध्या अशाच एका केंद्रात पाळीवर काम करते. वरच्या प्रतिसादातील शास्त्राला माझे पूर्ण अनुमोदन आहे. कराराबद्दल मात्र मला स्पष्ट लिहावेसे वाटते, कारण या गोष्टी आधी कोणी सांगत नाही. अकरा महिन्यांनी करार पुन्हा होतो, पण मधल्या काळातील पगार उशिरा येतो. माझा एकदा तीन महिने अडकला होता. रात्रपाळीला प्रयोगशाळेत एकटी असण्याची तयारी हवी. रुजू होण्याआधी अहवालावर सही कोणाची असते, हे विचारून घ्या. काम करार पद्धतीवरील केमिस्टने करायचे आणि सही न पाहता दुसऱ्याने करायची, अशी पद्धत असेल तर तुमच्या शिकण्याला फारसा अर्थ राहत नाही. प्रयोगशाळेला एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता आहे का किंवा तिच्यासाठी प्रयत्न चालू आहेत का, हेही पाहा. ती असेल तर आयएसओ १७०२५ या प्रयोगशाळांसाठीच्या मानकाप्रमाणे उपकरणांचे कॅलिब्रेशन, अनिश्चिततेचे गणित आणि दुसऱ्या प्रयोगशाळांशी निकालांची तुलना हे सर्व करावे लागते. औषध कंपनीत मिळालेली तुमची शिस्त तेथे लगेच उपयोगी पडेल आणि पुढे कोठेही जायचे झाले तरी तो अनुभव मोजला जाईल.

आणखी एक गोष्ट क्लोरिनच्या टनरची, म्हणजे मोठ्या सिलिंडरची. क्लोरिन हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असतो, त्यामुळे गळती झाली तर तो जमिनीलगत आणि खड्ड्यांत साचतो. पळताना उतारावर नव्हे, तर वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने आणि उंच जागी जायचे असते. बारीक गळती शोधायला अमोनियात भिजवलेला बोळा काठीला बांधून जोडाजवळून फिरवतात आणि जेथे पांढरा धूर उठतो तेथे गळती असते. श्वसनयंत्राची पेटी क्लोरिनच्या खोलीच्या आत ठेवलेली दिसली, तर ती बाहेर हलवायला लावणे हे तुमचे पहिल्या आठवड्यातील काम समजा. गळती झाल्यावर ती आतून कोण आणणार?

प्रतिसाद – धायरीकर

मी रसायनशास्त्रातील नाही, पण सिंहगड रस्त्यावर राहणारा नागरिक म्हणून लिहितो. जानेवारी २०२५ मध्ये आमच्या भागात, नांदेड गाव, किरकटवाडी, खडकवासला या पट्ट्यात, गुलेन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले आणि काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. त्या दिवसांत आमच्या सोसायटीत प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न होता की, नळाच्या पाण्यात क्लोरिन आहे की नाही. तोपर्यंत पाण्याचा वास आला तर आम्ही तक्रार करत होतो. त्यानंतर वास आला नाही तर काळजी वाटू लागली. तपासणीला आलेल्या एका तरुण केमिस्टने आमच्यासमोर नळीत पाणी घेऊन त्यात गोळी टाकली, गुलाबी रंग आल्यावर तो रंगपट्टीशी ताडून दाखवला आणि गच्चीवरच्या टाकीचे पाणी व थेट नळाचे पाणी यांत फरक का पडतो ते समजावले. त्या पाच मिनिटांनी आमच्या इमारतीतील अनेक वृद्धांना धीर आला. आपण हे काम स्वीकारावे, अशी माझी मनापासून विनंती आहे.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद – मुठाकाठची

आपण सर्वांनी इतके तपशिलात लिहिले, याबद्दल मनापासून आभार. सहीचा आणि श्वसनयंत्राचा मुद्दा मी विचारून घेईन. मला आणखी एक शंका आहे. जिवाणूंच्या चाचणीचा निकाल यायला दोन-तीन दिवस लागतात आणि तोपर्यंत ते पाणी पिऊन झालेले असते. मग त्या चाचणीचा उपयोग काय?

प्रतिसाद – निवृत्त जलपरीक्षक

ताई, हा प्रश्न तुम्ही रुजू होण्याआधीच विचारला, याचा मला आनंद वाटतो.

मॅकॉन्की ब्रॉथमध्ये (जिवाणू वाढवण्याच्या द्रवात) नमुना घातलेल्या नळ्या ३७ अंशांना ४८ तासांपर्यंत ठेवायच्या, आतल्या उलट्या छोट्या नळीत वायूचा बुडबुडा, म्हणजे जिवाणू असल्याची खूण, दिसला तर ४४ अंशांना पुन्हा निश्चिती करायची, असा तो क्रम आहे. म्हणजे ही चाचणी त्या दिवशीच्या पाण्याला वाचवू शकत नाही. ती व्यवस्थेबद्दल सांगते. त्या दिवशीच्या पाण्याचे रक्षण गढूळपणा, सामू आणि क्लोरिन हे तीन आकडे करतात, म्हणून ते कधीही अंदाजाने लिहायचे नसतात. सामू साडेसातच्या आसपास असेल तर मुक्त क्लोरिनपैकी सुमारे निम्मा हायपोक्लोरस आम्लाच्या रूपात, म्हणजे जंतू मारण्याच्या रूपात असतो आणि साडेआठला तो जेमतेम दहावा हिस्सा उरतो. क्लोरिनचा आकडा तोच, पण बळ निराळे. गढूळपणा एक एनटीयूच्या (गढूळपणाच्या एककाच्या) वर गेला तर कणांच्या आड जंतू लपतात आणि पुरेसा क्लोरिन असूनही ते वाचतात.

आता वितरणाकडे या. मानकाप्रमाणे ग्राहकाच्या नळाला लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरिन हवा आणि विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तर ०.५. उंच टाकीवर ०.८ येतो आणि त्याच वाहिनीच्या शेवटच्या घरी शून्य येतो, तेव्हा जिवाणूंच्या निकालाची वाट पाहायची नसते. मधे कोणीतरी क्लोरिन खात आहे, असा त्याचा अर्थ असतो. पाणी ठरावीक तास येणाऱ्या भागात पुरवठा बंद झाला की वाहिनी रिकामी होऊन आत ओढ निर्माण होते आणि गटारालगतच्या गंजलेल्या जोडणीतून बाहेरचे पाणी आत शिरते. पुरवठा सुरू होताच पहिल्या दहा मिनिटांचे पाणी तपासले, तर हे लगेच कळते. अर्ध्या तासाने तपासले तर कदाचित काहीच दिसणार नाही.

माझ्याकडून झालेली एक चूक येथे नोंदवतो, कारण ती पुन्हा कोणाकडून होऊ नये. नोकरीच्या चौथ्या वर्षी एका वस्तीतून पाण्याला वास येत असल्याची तक्रार होती. दोन नमुने आले, दोन्ही निर्जंतुक निघाले आणि मी ‘पिण्यास योग्य’ अशी सही केली. तक्रार थांबेना, म्हणून तिसऱ्या वेळी मी स्वतः पहाटे गेलो. नळाचे तोंड ज्योतीने शेकले, पाणी दोन-तीन मिनिटे वाहू दिले आणि बाटली उघडताना लक्षात आले की, तळाशी क्लोरिन निष्प्रभ करणाऱ्या सोडियम थायोसल्फेटच्या थेंबांचा कोरडा पांढरा डाग नाही. बाटली निर्जंतुक करण्यापूर्वी ते थेंब घालायचे राहिले होते. थायोसल्फेट नसल्यामुळे पाण्यातला थोडासा क्लोरिन प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंतच्या चार तासांत बाटलीतच जंतू मारत राहिला होता. ज्यांनी ते पाणी नळाखालीच प्यायले, त्यांना ते चार तास मिळाले नव्हते. योग्य बाटलीत घेतलेल्या नमुन्याच्या पाचही नळ्यांत वायू आला आणि गटारातून गेलेली जोडणी सापडली. दोन वेळा मी केवळ निकाल पाहिला होता, बाटली पाहिली नव्हती.

त्या दिवसापासून आमच्याकडे थायोसल्फेट घातलेल्या प्रत्येक बाटलीच्या मानेला निळा दोरा बांधू लागलो. दोरा नसलेली बाटली नमुना घेणारा कर्मचारीही उचलत नसे. तुम्ही रुजू झालात तर पहिल्या दिवशी इन्क्युबेटरकडे जाण्याआधी बाटल्यांचे कपाट उघडून पाहा. आणि जूनमध्ये रुजू होणार असाल, तर तुरटीच्या नव्या पोत्यांचे द्रावण करून जार टेस्ट आधीच लावून ठेवा, पहिला मोठा पाऊस बहुधा रात्रीच येतो.