मदत हवी आहे: गावांचे गट काही केल्या बदलत नाहीत

सतीकाठ
गडचिरोलीतल्या कुरखेडा तालुक्यातल्या गावांचे पाच गट पाडायचे आहेत. लोकसंख्या, साक्षरता, शेतमजूर, आदिवासींचा टक्का, सगळे रकाने नकाशाला जोडले आणि के-मीन्स (सारख्या गोष्टींचे गट पाडणारी पद्धत) चालवलं. कोणताही रकाना काढा-घाला, गट तेच येतात. परवा द्यायचं आहे. काय चुकतंय?

कोसारी
सॉफ्टवेअर कोणतं? आकडे कुठले? गट कशासाठी?

ब्रह्मपुरीवाला
के-मीन्स सोडा, वॉर्ड नावाच्या संख्याशास्त्रज्ञाची गट जोडत जायची पद्धत घ्या. के-मीन्सला गट किती ते आधीच सांगावं लागतं, आणि सुरुवातीचे बिंदू बदलले की निकालही बदलू शकतो. वॉर्डमध्ये वंशावळीसारखी आकृती मिळते, कुठं कापायचं ते दिसतं. मी चंद्रपूरची गावं अशीच लावली होती.

सतीकाठ
क्यूजीआयएस, ते नकाशांचं. आकडे २०११ च्या जनगणनेचे, दुसरे आहेत कुठं?

गोंडउमरी
जमिनीचा गट क्रमांक हवा असेल तर महाभूलेखवर जिल्हा, तालुका, गाव निवडा. सातबारा मोफत दिसतो. सही-शिक्क्याचा हवा असेल तर पैसे भरावे लागतात.

कोसारी
क्यूजीआयएस म्हटल्यावर कळलं. त्याच्या प्रोसेसिंगमधलं के-मीन्स फक्त गावाचं ठिकाण बघतं, तुमचे रकाने ते वाचतच नाही. म्हणून जवळजवळची गावं एकत्र येतात. जिओडा हे सॉफ्टवेअर घ्या, फुकट आहे. तिथं रकाने निवडता येतात. ते प्रमाणित करायचा, म्हणजे एकाच मापात आणायचा पर्याय चालू ठेवा, नाहीतर हजारांतली लोकसंख्या बाकी सगळ्यांना दाबून टाकेल. साक्षरता काढताना एकूण लोकसंख्येतून ० ते ६ वयाची मुलं वजा करा.

झाडीपट्टी
कायले एवढा खटाटोप ताई? आशाताईले इचारा, कोतवालाले इचारा. पावसाळ्यात नाल्याले पूर आला का कोसभरावरचं गाव बी तुटते. नकाशात जवळ दिसते, गाडी जात नाई.

ब्रह्मपुरीवाला
इचारून केलेले गट प्रत्येकाचे वेगळे निघतात भाऊ. दुसऱ्याला ते तपासता येत नाहीत.

झाडीपट्टी
तपासाले आधी गावात तर पोहोचलं पाह्यजे ना!

सतीकाठ
@गोंडउमरी, सातबारा नको आहे. @कोसारी, जिओडा चालवला. काही गावांची साक्षरता रिकामी येते आणि पुढं काही होत नाही. आणि हो, हे सगळं फिरत्या दवाखान्यासाठी आहे.

कोसारी
ती रिठी गावं असणार. महसुली नोंदीत गाव आहे, वस्ती नाही, म्हणजे लोकसंख्या शून्य आणि भागाकार होत नाही. आपल्याकडं अशी गावं बरीच. आधी ती गाळा. तक्ते जोडताना गावाचा सहा अंकी कोड वापरा, नावं नको. एकाच नावाची दोन-दोन गावं सापडतात.
दवाखान्याचं हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. त्याला सारखी गावं नकोत, एका फेरीत होणारी गावं हवीत. त्याच जिओडात स्केटर नावाची पद्धत आहे, ती एकमेकांना लागून असलेल्याच गावांचा गट करते. अंतर मोजायचं असेल तर नकाशा यूटीएम ४४ उत्तर या मीटरवाल्या प्रणालीत घ्या, अंशांमध्ये मोजू नका.

मेंढ्याकडचा
टोल्यांचं, म्हणजे गावापासून सुट्या छोट्या वस्त्यांचं काय? जनगणनेचे आकडे महसुली गावाचे असतात, टोला त्यातच मिसळून जातो. दवाखान्याची खरी गरज टोल्यातच असते. पेसाच्या, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांच्या कायद्याच्या २०१४ च्या नियमांनुसार टोल्याला वेगळं गाव म्हणून जाहीर करून घेता येतं. आमच्या भागात ग्रामसभांनी यावर फार मेहनत घेतली आहे, त्यावर वेगळा धागा काढायला हवा.

ब्रह्मपुरीवाला
धागा काढाच. पण ताईंना परवा द्यायचं आहे.

सतीकाठ
रिठी गाळली, गट आता रकान्यांप्रमाणे बदलतात. आज रात्री स्केटर लावते. टोल्यांची कुटुंबसंख्या आशाताईंच्या वहीतून मागवली आहे. @झाडीपट्टी, पावसाळ्यात कोणत्या गावांचा रस्ता तुटतो ते सांगाल का? तो रकाना मला कुठल्याच तक्त्यात मिळत नाही.

झाडीपट्टी
सांगतो ना. गावांची यादी पाठवजा, संध्याकाळी दुधाच्या गाडीवाल्याले घेऊन बसतो. त्याले सारे रस्ते पाठ हायेत.